लांब शब्दांची पेरं

माझ्या भाचीला जन्मापासून दिसत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला चुकचुकायला नको. ते तिला आवडत नाही आणि मला त्यासाठी सवड नसते. मी एसटीत कंडक्टर आहे, नांदेड आगारात. नांदेड, मुखेड, उदगीर ही माझी नेहमीची फेरी. भाची उदगीरची, माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. लातूरला हॉस्टेलवर राहून ती वकिलीचं शिकत होती.

वकिली मराठीतूनही शिकता येते. तिने इंग्रजी घेतलं ते हौसेने नव्हे. तिची पुस्तकं कॉम्प्युटर वाचून दाखवतो. इंग्रजी पुस्तक त्यात घातलं की तो घडाघडा वाचतो. मराठी पुस्तकं बहुतेक जुन्या फॉन्टमधली. ती घातली की तो तापात बरळावं तसं बरळतो. म्हणून इंग्रजी. पाच-सहा वर्षं तिने त्या मशीनचा आवाज कानात घालून अभ्यास केला, तोही असा वेग लावून की शेजारी बसलेल्या माणसाला वाटावं, आत भांडण चाललंय. आपोआप तिचं इंग्रजी त्या मशीनसारखं झालं. आमच्या घराण्यात असं इंग्रजी कुणी बोललेलं नाही. दाजी, म्हणजे तिचे वडील, पाहुण्यांसमोर तिला मुद्दाम बोलायला लावायचे.

एवढं असून कराराच्या कायद्याचा पेपर दोनदा राहिला. बाकीचे विषय कसेबसे निघाले, हा निघेना. दोन्ही वेळा लेखनिक कॉलेजने दिला होता. ती तोंडाने सांगणार, तो लिहिणार, अशी पद्धत. सांगून झाल्यावर काय लिहिलं गेलं हे ती पाहू शकत नाही, आणि वाचून दाखव म्हणायला वेळ उरत नाही. आता हा पेपर तिसऱ्यांदा राहिला तर पुढच्या वर्षात प्रवेश नव्हता.

उदगीरच्या स्टँडवर दाजी गाडीपाशी आले. त्यांचं मोंढ्यात धान्याचं छोटं दुकान आहे. गाडी लागली की ते कधीकधी बहिणीने दिलेली चटणी घेऊन येतात. त्या दिवशी चटणी खिडकीतून दिली आणि तिथेच उभे राहिले.

"तिला येत नसंल असं न्हाई," ते म्हणाले. "येतंय तिला. पण कागदावर उतरत न्हाई त्याला तू काय करणार अन् मी काय करणार. आता एक डाव बसू दे. न्हाई निघालं तर तूच जाऊन सामान घेऊन ये तिचं."

"घरी बसून काय करंल ती?"

"काय करंल म्हणजे? डोळ्यासमोर राहील. तिकडं लातुरात एकटी रस्ता ओलांडती, हिकडं हिच्या पोटात गोळा येतो." हिच्या म्हणजे माझ्या बहिणीच्या. स्वतःच्या पोटातला गोळा ते बहिणीच्या नावावर टाकतात, ही त्यांची जुनी सवय.

मी घंटी मारली. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. ते वाईट काही सांगत नव्हते. पण भाची उदगीरच्या घरात ओट्यावर बसून राहिलेली मला दिसेना. ती नांदेडला आली की माझ्या घरातल्या पंख्याच्या गॅरंटीवरून दुकानदाराशी फोनवर भांडते. अशी मुलगी घरात बसवली तर घरच्यांचेच खटले चालवील.

मी ठरवलं, या वेळी लेखनिक आपण शोधायचा. नियम असा की लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला हवा. बरोबरच आहे, नाहीतर लोक वकिलालाच शेजारी बसवतील. लातुरात इंग्रजी शाळेतली हुशार पोरं पुष्कळ, पण ती सगळी क्लासला जुंपलेली. दुसऱ्याच्या पेपरासाठी एक रविवार कुणी देईना. एका आईने तर मला विचारलं, "याचं सर्टिफिकेट मिळतं का?"

मुखेडला गाडी थांबल्यावर चहा घेताना मी हे आमच्या ड्रायव्हरभाऊंना सांगितलं. ते मुखेडजवळच्याच एका खेड्यातले. बरीच वर्षं आम्ही एका गाडीवर आहोत.

"मग माझी पोरगी बसंल की," ते म्हणाले. "अकरावीला हाय. अक्षर बघा तिचं, छापल्यावानी. गावात कुणाचं बारसं असू द्या, बोर्ड हिनंच लिव्हायचा. अन् लई फाष्ट लिव्हती."

"इंग्रजी लिहिते का?"

"हाव, लिव्हती की. वाचती का, ते नका इचारू."

मला वाचणारी नकोच होती. मी हो म्हटलं.

भाची परीक्षेपर्यंत माझ्याकडे राहायला आली. पहिल्या रविवारी ड्रायव्हरभाऊंची मुलगी बापाच्या गाडीने नांदेडला आली. वेणी घट्ट, पेन दोन, बोलायला मोकळी. तिचे वडील मला ताई म्हणतात, म्हणून ती मला आत्या म्हणायला लागली आणि भाचीला अक्का. दोघींना मी पुढच्या खोलीत बसवलं आणि मी तूर निवडत शेजारी बसले. भाचीने एक उत्तर सांगायचं, मुलीने लिहायचं, मग मी ते वाचून दाखवायचं, असं ठरलं.

भाची सुटली. मुलीचं पेन खरंच पळत होतं. अक्षर सुंदर, ओळ सरळ. पान भरल्यावर मी चष्मा लावला आणि वाचायला घेतलं, आणि तिसऱ्या ओळीत थांबले.

"इथं रेशनचा काय संबंध?"

"कसलं रेशन?" भाची म्हणाली.

"कन्सिडर लिहिलंय, मग जागा सोडून रेशन. रेशन नाही तर करार नाही, असं झालंय हे."

मुलगी म्हणाली, "अक्का तसंच म्हणल्या. कन्सिडर, अन् मग रेशन."

"कन्सिडरेशन," भाची म्हणाली. "मोबदला. करारातला मोबदला."

"आत्ता बी तसंच म्हणल्या," मुलगी मला म्हणाली.

पुढे वाचलं. ऑब्लिगेशनमधलं नुसतं गेशन कागदावर होतं, पुढचा तुकडा गडप. इंडेम्निफिकेशनचं तर काय झालं होतं ते मी वाचूच शकले नाही. भाचीचा चेहरा उतरत गेला. दोन पेपर कुठे गेले हे तिला त्या खोलीत बसून कळत होतं. मग ती चिडली. तिने मोबाइलवर मशीनला तोच शब्द वाचायला लावला. मशीन अगदी तिच्यासारखंच बोललं.

"बघ. मी बरोबर बोलते."

"मग मशीनलाच बसवा की लिव्हायला," मुलगी म्हणाली.

मी दोघींना चहा दिला आणि तो शब्द मशीनकडून पुन्हा पुन्हा वदवून ऐकला. मला व्याकरण फारसं येत नाही, पण माझं निम्मं आयुष्य बोललेलं ऐकण्यात गेलंय. गर्दीत, इंजिनाच्या आवाजात, कुणाला कुठे उतरायचंय ते एका हाकेत कळावं लागतं. ऐकता ऐकता लक्षात आलं की मशीन त्या शब्दाच्या एकाच जागी अंग टाकतं, रे वर, आणि बाकीचं गिळतं. आपण मराठी माणसं तसं करत नाही. आपल्याकडे प्रत्येक अक्षराला सारखा मान. इंग्रजी शब्दही आपण तसाच बोलतो, एकेक अक्षर खाली ठेवत. मुखेडच्या मुलीचे कान त्या चालीला सरावलेले. तिला ठळक तुकडा तेवढा ऐकू यायचा, आणि तो तिला वेगळाच शब्द वाटायचा.

संध्याकाळी ड्रायव्हरभाऊ मुलीला न्यायला आले. भाचीने त्यांना दोन वाक्यं ऐकवली. ते बूट न काढता दारात उभे राहून ऐकत होते.

"ताई, हे इंग्लिश हाय का एक्स्प्रेस गाडी?" ते म्हणाले. "मोठ्या गावाला तेवढी थांबून राहिली. मधल्या फाट्यावर आमच्यासारखी माणसं हात करत उभी."

सगळे हसलो, भाचीही. पण ते गेल्यावर मी तिला म्हटलं, "आता तू मधल्या फाट्यांवर थांबायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे मुखेडसारखं बोलायचं. कन्-सि-ड-रे-शन. सगळी अक्षरं सारखी."

ती म्हणाली, "मावशी, माझ्याकडे तेवढी एकच गोष्ट आहे जी वर्गात कुणालाच येत नाही. ती मी मोडून टाकू?"

"मोडू नको. कोर्टात बोल मशीनसारखं. परीक्षेत जिने लिहायचंय तिला कळेल असं बोल."

"हसतात गं असं बोललं की."

"कोण हसणार? खोलीत तुम्ही दोघी आणि एक सुपरवायझर."

तिला ते पटलं नव्हतं. पण तिने दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीनंतर मोरीतूनच सावकाश म्हणायला सुरुवात केली, ज्यु-रिस्-डिक्-शन, ज्यु-रिस्-डिक्-शन, अगदी पाढे म्हटल्यासारखं, आणि रागाने. रागाने का होईना, म्हणत होती.

पुढच्या रविवारी मुलीनेच त्या तुकड्यांना नाव दिलं. पेर. उसाला असतात तशी. "अक्का, ह्या शब्दाला किती पेरं हायेत ते आधी सांगा, म्हंजे मी जागा धरती." पेर म्हटल्यावर सगळं सोपं झालं. भाची शब्द उच्चारायच्या आधी पेरं मोजून सांगू लागली. मग त्यातही वेळ जातो म्हणून तिने बोटाने वाजवायला सुरुवात केली. माझी तिकिटांची जुनी पत्र्याची पेटी घरात पडून होती. आता तिकिटं मशीनमधून निघतात. ती पेटी त्यांनी मध्ये घेतली. एका पेराला एक टिचकी. शेवटी शन आलं की टिचकी नाही, तळहाताची थाप. थाप एक असेल तर टी आय ओ एन, थापा दोन असतील तर एस आय ओ एन. मुलीने शन या आवाजाचा विचार करणंच सोडून दिलं. थाप पडली की तिचा हात ती अक्षरं लिहून मोकळा व्हायचा.

शेजारीण विचारायला आली, "भजनाचं काय चाललंय का?"

"कायद्याचं चाललंय," मी म्हटलं.

दर रविवारी असं चाललं. मग भाचीलाच त्यात गोडी वाटायला लागली. हे सगळे शब्द लॅटिन नावाच्या जुन्या भाषेच्या तुकड्यांनी बांधलेले असतात, असं तिने मुलीला सांगितलं. एक तुकडा ओळखला की दहा शब्दांत तो सापडतो. डिक् म्हणजे बोलणं. ज्युरिसडिक्शनमध्ये डिक्, कॉन्ट्रडिक्शनमध्ये डिक्, आणि आपण करतोय त्या डिक्टेशनमध्येही डिक्.

"आन् डिक्शनरीत?" मुलीने विचारलं.

"तिथंही."

मुलीने ते आपल्या बापाला सांगितलं आणि त्यांनी उदगीर येईपर्यंत मला सांगितलं.

एका रविवारी भाची म्हणाली, "आता दाब शिक." पुस्तकात त्याला आघात की काय म्हणतात; आमच्या घरात दाबच म्हणायचे. मला वाटलं, आता हे आणखी कशाला? सरळ चाललंय ते चालू द्यावं. पण तिचं म्हणणं, मुलीने बोललेलं ओळखायला तरी शिकावं, मी घाईत असले की सवयीने दाब येतोच. आणि तिने शेपटीचा नियम सांगितला. शेवटी शन असेल तर दाब त्याच्या आधीच्या पेरावर. शेवटी इटी असेल तर इटीच्या आधीच्या पेरावर. व्हॅलिड म्हणताना दाब व्हॅ वर. व्हॅलिडिटी म्हटलं की तो सरकून लि वर. व्हॅलिडेशन म्हटलं की डे वर.

मुलगी ते तीन शब्द पुटपुटत राहिली. "बूड एकच, अन् वजन फिरूनच राहिलंय," ती म्हणाली.

"शेपूट ओढतं त्याला."

मी भाकरी थापत होते. माझ्या मते हा फाजीलपणा होता. परीक्षा जवळ आलेली, आणि या दोघी शब्दांच्या शेपटांवरून खिदळत बसलेल्या. मी त्यांना दामटून पुन्हा पेटीवर बसवलं. तोवर मुलीच्या पानांत रेशन येणं बंद झालं होतं. मी वाचायची आणि भाची मान हलवायची. एकदा तर सबंध उत्तरात एकच चूक निघाली आणि ती वाचताना मी केलेली होती.

परीक्षेचं केंद्र लातूरला होतं. मी रजा टाकली. आदल्या दिवशीच तिघी लातूरला जाऊन हॉस्टेलवर राहिलो. सकाळी केंद्रावर लेखनिकाचे कागद तपासले गेले, त्यात काही अडचण आली नाही. दोघींना तळमजल्यावर टोकाची वेगळी खोली दिली. मी बाहेर कडुनिंबाखालच्या कट्ट्यावर बसले. आजूबाजूला इतरही पालक होते. कुणी पोथी वाचत होतं, कुणी मोबाइल. मी काहीच करत नव्हते. घंटा झाली.

निम्मा वेळसुद्धा झाला नसेल, शिपाई आला. "आंधळ्या मुलीबरोबर कोण आहे? आत बोलावलंय."

पेपर चालू असताना पालकाला आत बोलावतात तेव्हा एकच अर्थ असतो. मी चपला घालताना डावी-उजवी चुकवली.

खोलीत सुपरवायझर उभे होते, वयस्कर गृहस्थ, शर्टाच्या खिशाला पेन. भाची बाकावर ताठ बसलेली. मुलीने पेन खाली ठेवलं होतं आणि दोन्ही हात मांडीवर घेतले होते, काही चोरलं नाही हे दाखवावं तसे.

"या तुमच्या कोण?" त्यांनी विचारलं.

"भाची. काय झालं?"

"या बाक वाजवताहेत. मी एकदा दुर्लक्ष केलं, दोनदा केलं. टकटक, टकटक, मग थाप. शेजारच्या खोलीत हाच पेपर चालू आहे. मधली भिंत बघा केवढी आहे. मी याला काय समजायचं?"

मी भिंतीकडे पाहिलं. पातळ होती. पत्र्याच्या पेटीवर महिनाभर वाजवताना आम्हा तिघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं की परीक्षेच्या खोलीत ही खूण वाटेल. आणि ती खूणच होती की. त्या गृहस्थांचा मला रागसुद्धा येईना. त्यांच्या जागी मी असते तर मीही थांबवलं असतं, आणि एवढ्या सभ्यपणे नाही.

"सर, मी शब्दांचे तुकडे सांगते," भाची म्हणाली. "बोटानं."

"तोंडानं सांगा. लेखनिकाला सांगायचं ते तोंडानं, असंच आहे नियमात."

"तोंडानंही सांगते. बोट फक्त—"

"बाई, मी केंद्रप्रमुखांना बोलावलंय. तोवर लिहायचं नाही."

केंद्रप्रमुख बाई यायला वेळ लागला. तो किती होता ते मी पाहिलं नाही, घड्याळाकडे बघायची हिंमत नव्हती. एवढंच कळत होतं की इकडे काटा चाललाय आणि तिकडे पेन पडलंय. उदगीरचं घर, तो ओटा, डोळ्यासमोर आलं. सामान किती असेल याचा हिशेबही मनात सुरू झाला, एक ट्रंक, एक गादी, कॉम्प्युटर मांडीवर. माझं डोकं असंच चालतं, त्याला इलाज नाही.

बाई आल्या. दोन्ही बाजू उभ्यानेच ऐकल्या. मग उत्तरपत्रिका हातात घेऊन पानं चाळली आणि भाचीला म्हणाल्या, "या मुखपृष्ठावर सूचना आहेत. त्यातला एक शब्द तुम्हाला सांगते. डिस्क्वालिफिकेशन. हा तुम्ही यांना कसा सांगाल?"

दुसरा कुठलाही शब्द मिळाला असता तर बरं झालं असतं, असं वाटून गेलं. भाचीने बाकावर टिचक्या मारत एकेक पेर सांगितलं आणि शेवटी थाप दिली. मुलीने कच्च्या पानावर लिहिलं. बाईंनी पाहिलं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही फसवत नाही आहात, हे मला दिसतंय. पण सरांचं म्हणणंही बरोबर आहे. बोलायला परवानगी आहे, वाजवायला नाही. उद्या कुणी तक्रार केली तर पेपर जाईल तुमचाच. वाजवणं बंद. जेवढा वेळ थांबला तेवढा वाढवून मिळेल." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही बाहेर बसा."

मला भाचीशी बोलायचं होतं, पण बोलू दिलं नसतं. मी बाहेर आले. पुन्हा कट्ट्यावर बसले. शेजारच्या बाईने पोथी मिटून विचारलं, "काय झालं हो?" मी म्हटलं, "काही नाही, पंखा बंद होता."

दाजींचा फोन आला. "कसा चाललाय पेपर?"

"चाललाय."

"लिव्हती का ती पोरगी बरं?"

"लिहिते."

"बरं," म्हणाले आणि ठेवला नाही. मोंढ्यातला गलबला ऐकू येत होता. मीही ठेवला नाही. मग कुणीतरी त्यांना हाक मारली आणि फोन बंद झाला.

महिनाभर टिचकी आणि थाप यावर सगळी इमारत उभी केलेली. ती काढून घेतल्यावर त्या पोरीला शन कुठे लिहायचं ते कसं कळणार, हे मला दिसत नव्हतं. भाची एकेक स्पेलिंग सांगायला लागली तर निम्मं उत्तरही होणार नाही. आणि घाईत ती पुन्हा मशीनसारखी बोलायला लागली तर सगळं पहिल्या रविवारसारखं. मी तीन वेळा पाणी प्यायला उठले.

शेवटची घंटा झाली. सगळी मुलं बाहेर आली, पांगली, गाड्या सुरू झाल्या. यांना वाढीव वेळ, म्हणून या नव्हत्या. मग दोघी व्हरांड्यातून येताना दिसल्या. भाचीचा हात मुलीच्या कोपरावर. दोघी एकमेकींशी भांडत होत्या.

"रिव्होकेशनला तू सी लिहिलास का के?"

"सी. अक्का, सीच लिव्हला. के मी पयल्या टायमाला लिव्हला हुता, तुमच्या घरी."

"नक्की?"

"आईशप्पत."

मी भाचीचा दुसरा हात धरला. "झालं का लिहून?"

"सगळं झालं. शेवटचा प्रश्नही झाला."

"कसं? वाजवायचं बंद केलं होतं ना?"

मुलगी हसायला लागली. भाची म्हणाली, "बाई गेल्यावर पहिला शब्द आला टर्मिनेशन. मला काय करावं सुचेना. सावकाश म्हणाले, मुखेडसारखं, आणि ने वर दाब टाकला. नुसता टाकला नाही, जोरात टाकला. आणि हिनं लिहिलं."

"दाब आला की फुडं शन," मुलगी म्हणाली. "न्हाईतर इटी. दुसरं काय येणार? थाप कशाला पायजे?"

"मग पुढं सगळं तसंच केलं," भाची म्हणाली. "बाकीची पेरं सपाट, आणि शेपटीच्या आधीच्यावर दाब. सर दारातून ऐकत होते. त्यांना वाटलं असेल, मी शब्दाशब्दाला रागावतेय."

म्हणजे मी ज्याला फाजीलपणा म्हणून भाकरी थापत बसले होते, त्यावर पेपर निघाला होता. निदान लिहून तरी झाला होता. मी तिथेच व्हरांड्याच्या पायरीवर बसले. मुलगी म्हणाली, "आत्या, भूक लागली." मग उठले. स्टँडसमोर तिघींनी पुरीभाजी खाल्ली. मुलीची बोटं इतकी आखडली होती की तिला पुरी नीट तोडता येत नव्हती. भाचीने तोडून दिली. दोघी खाताना एक शब्द बोलल्या नाहीत. सकाळपासून पुरेसे झाले होते.

निकाल पावसाळ्यात लागला. भाची तेव्हा माझ्याकडे नांदेडला होती. मी दुपारची घरी आले तर ती कॉटवर बसलेली, मोबाइल कानाला. मशीन त्या पानावरचं सगळं वाचत होतं, वरच्या जाहिराती, सूचना, नाव, बैठक क्रमांक. मला त्या वेगातलं एक अक्षर कळत नव्हतं. मी पर्स न काढता उभी राहिले. तिने मध्येच बोटाने थांबवलं, मागे नेलं, पुन्हा ऐकलं. मग तिसऱ्यांदा ऐकलं.

"अगं, बोल तरी."

"निघाला," ती म्हणाली.

"काठावर?"

"नाही. चांगला निघाला." आणि तिने मोबाइल माझ्या हातात दिला. "तू डोळ्यांनी बघ एकदा."

मी बघितलं. निघाला होता. मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं, विषयाचं नाव, गुण, आणि पुढचा तो शब्द.

मी आधी ड्रायव्हरभाऊंना फोन लावला. ते गाडीवर होते, फोन घरीच राहिला होता, मुलीनेच उचलला. तिने नुसतं "हाव?" म्हटलं आणि मग तिच्या घरात कुणीतरी कुणालातरी ओरडून सांगितल्याचा आवाज आला. मग दाजींना लावला. त्यांना सांगितलं. पलीकडे तराजूची मापं टाकल्याचा आवाज तेवढा येत होता.

"दाजी, ऐकलं का?"

"ऐकलं," ते म्हणाले. "तिथल्या हॉस्टेलची खोली सोडली तर न्हाई ना तुम्ही?"

"नाही सोडली."

"सोडू नका. दुसरीकडं खोली मिळायची बोंब हाय." मग म्हणाले, "हिला सांगतो. हिच्या पोटात गोळा आला हुता."

मी फोन ठेवला. भाची पुढच्या वर्षाची पुस्तकं मशीनमध्ये शोधायला लागली होती. मी दुपारी कधी झोपत नाही. दुपारी झोपलं की डोकं जड होतं आणि संध्याकाळचा स्वयंपाक बिघडतो. त्या दिवशी आतल्या खोलीत जाऊन, युनिफॉर्म न बदलता, आडवी झाले. बाहेर मशीनचा आवाज चालू होता, भरधाव, काही कळत नव्हतं आणि कळायची गरजही नव्हती. दिवेलागणीला भाचीने हलवून उठवलं, म्हणाली, "मावशी, कुकर मी लावलाय, भाजीचं तू बघ."